सहाशे तास

मे महिन्यात, दुपारी सव्वादोनला,
यावलहून फैजपूरला जाणं म्हणजे काय
ते डिशवाल्यालाच विचारा.
दोन्ही बाजूंना केळीची पानं
शिरेवर दुमडलेली, वही मिटावी तशी.

इंदूबाई फेगडे दारातच उभ्या:
‘डबा भरला म्हनतो रे भो.
तीन दिवस झाले, काही घेतच नाही.’

डब्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती,
गणपतीला टेकून बीपीच्या गोळ्या.
‘रुमाल काढा आधी. यंत्रालाही घाम येतो.’
हे मी सगळ्यांना सांगतो, लोक हसतात.
त्या हसल्या नाहीत.
गणपती पदरानं पुसून फ्रिजवर ठेवला.

यादी उघडली. शंभर टक्के.
मालिका, मालिका, एक कीर्तन, पुन्हा मालिका.
‘यातलं पाहून झालेलं पुसू का?’
‘पाहून झालं म्हून पुसतात का कोनी?’

यादीच्या तळाशी शेतीचा कार्यक्रम,
सकाळी साडेसहाचा, सात वर्षांपूर्वीचा.
रिमोट त्यांनी माझ्या हातातून घेतला,
पुढे पळवला, न बघता,
बारा मिनिटं चाळीस सेकंदांवर अंगठा उचलला.
पांढरी टोपी. माईक तोंडाच्या फारच जवळ.
‘करप्यासाठी दोन वेळा फवारलं,
तरी पान खालून पिवळंच पडतं, तर...’
‘तर’च्या पुढे तज्ज्ञ बोलायला लागतात.
अकरा सेकंद.
‘हे आमचे,’ एवढंच म्हणाल्या.
नाव खाली पट्टीवर होतं,
आडनावात एक काना जास्त.

मुलानं गोलाणी मार्केटातून घेतलेली एक टीबीची डिस्क,
तिचा वेगळा अडॅप्टर,
कारण डब्याच्या यूएसबीत तेवढा दम नसतो.
जोडली. पडद्यावर अक्षरं आली:
या उपकरणावरील सर्व माहिती नष्ट होईल.
बाईंनी माझं मनगट धरलं.
‘कोनाचं नष्ट?’
‘हिच्यातलं. डब्यातलं नाही.’
‘हिच्यात तर काहीच नाही अजून.’
‘तेच नष्ट होईल.’
थोडं थांबून सोडलं मनगट.

चौसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
कूलर थांबला तसं घर अचानक मोठं झालं.
त्यांनी ताक दिलं, वर जिरं.
अंधारात, खालमानेनं:
‘आन हा डबाच गेला तर?
डिस्क दुसऱ्याले लावता येते ना?’

खोटं बोललो असतो तर दोनशे रुपये जास्त मिळाले असते.
‘नाही. कुलूप लावून ठेवतो तो.
किल्ली याच डब्याच्या पोटात.’
‘म्हंजी डिस्क राहील.’
‘राहील.’
‘आतलं बी राहील.’
‘राहील. दिसणार नाही.’
ग्लास खाली ठेवला.
‘समजलं मले,’ म्हणाल्या,
मी तर अजून निम्मंच सांगितलं होतं.

चार वाजता लाइट आली. पुन्हा पहिल्यापासून.
या वेळी ‘हो’ त्यांनीच दाबलं.

मग मी माझा मोबाइल टीव्हीसमोर आडवा धरला
आणि ते अकरा सेकंद उतरवून घेतले.
हे कामात येत नाही, याचे पैसे लावत नाही.
काचेत माझंही डोकं आलंय, खिडकी आलीय,
टोपीच्या कडेला फ्रिजवरचा गणपती.
व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांच्या कमरेला टुंग वाजलं.

‘आता किती जागा झाली?’
‘साधं चित्र असेल तर सहाशे तास.’
‘सहाशे!’
पहिल्यांदा हसल्या. हसता हसता
पडद्याकडे बघत राहिल्या,
चुकून मोठं भांडं घेतल्यासारख्या.
‘काय भरू रे भो मी त्याच्यात?’

मी हेल्मेट उचललं.
बातम्या चालू होत्या. बाई उद्याचं हवामान सांगत होती:
जळगाव, कमाल पंचेचाळीस, आकाश निरभ्र.
इंदूबाईंनी रिमोट डोळ्यांजवळ नेला,
लाल बटण शोधलं
आणि दाबलं.